थांबवता येणारी बातमी

पिंटूच्या मोबाइलमधला मासा पाहून बाबुलालने "आपलाच आहे" म्हटलं, आणि त्या दिवसापासून शेंड्यांच्या घरात दुसऱ्या कुठल्या विषयाला जागाच उरली नाही.

बाबुलालचं म्हणणं कोसमटोल्यात कुणी हसण्यावारी नेत नसे. तलावाच्या काठी मासेमारी करणाऱ्या ढिवरांची जेवढी घरं होती, तेवढी सगळी माशावरून भांडण झालं की बाबुलालच्या सपरीत, घरापुढच्या ओसरीत, येऊन बसायची. म्हाताऱ्याला अक्षर ठाऊक नव्हतं. सही म्हणून तो अंगठा उठवायचा आणि तोही शाई लागते म्हणून कुरकुरत. पण गढूळ पाण्यात हात घालून, डोळे मिटून, तो नुसत्या बोटांनी सांगायचा की हा रोहू, ही मरळ, हा मांगूर. बापाने त्याला लहानपणी असंच शिकवलं होतं. तलावात माशांचं बीज सोडायचं तर पहिली ओंजळ त्याच्याच हातची. त्याने ओंजळ सोडली नाही तर मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष असलेला त्याचा स्वतःचा मुलगा धनराजही डब्याचं झाकण उघडत नसे. सोसायटीच्या नियमात हे कुठेच नव्हतं, आणि म्हणूनच ते कुणी मोडत नव्हतं.

धनराजचा पोरगा पिंटू तो व्हिडिओ आरमोरीच्या नेट कॅफेतून मोबाइलमध्ये भरून घेऊन आला होता. सिमेंटची टाकी, टोपी घातलेला एक माणूस, मागे वाजंत्री. माणूस टोपल्यातून काहीतरी पाण्यात फेकतो आणि पाणी उकळल्यासारखं होतं, इतके मासे. मग तो हाताएवढा लांब मासा उचलून धरतो आणि भराभर हिंदीत सांगतो की काही महिन्यांत एवढा होतो, घाण पाण्यातही जगतो, मरायचं नाव घेत नाही. बाबुलालने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मिशा दिसल्या, काळी तुळतुळीत पाठ दिसली, चपटं डोकं दिसलं. "मांगूर आहे गा," तो म्हणाला. "आपलाच आहे. एवढा वाढलेला मातर कधी पाह्यला नाई."

हे म्हणताना म्हाताऱ्याच्या पोटात आणखी एक गोष्ट होती. तलावात आताशा जाळं हलकं येत होतं. पिंटूने भाताचा रोवणा आटपल्यावर राजुऱ्याकडे कोळशाच्या ट्रकवर जायचं ठरवलं होतं. बाबुलालचा धाकटा, लटारू, असाच कामासाठी हैदराबादेला गेला होता. तिथे तापाने आजारी पडला आणि तिथेच गेला. त्याची बायको मैना आणि पोरगी रोशनी बाबुलालच्या पदरात राहिल्या. आता नातूही बाहेर पडणार म्हटल्यावर म्हाताऱ्याला जेवण गोड लागत नव्हतं. नवा मासा आला तर पिंटू घरी राहणार होता. माणसाला जे हवं असतं तेच त्याच्या डोळ्यांना आधी दिसतं, आणि सत्तरीतले डोळे तर जास्तच लबाड असतात.

धनराजने बीजवाल्याशी बोलून टाकलं. गाडी सोमवारी येणार होती.

रविवारी दुपारी रोशनी काळी-पिवळी जीपमधून उतरली. ती आरमोरीला कॉलेजात शिकायची आणि उरलेल्या वेळात त्याच नेट कॅफेत काम करायची. दर रविवारी ती आजोबासाठी नेटवरच्या बातम्या कागदावर छापून आणायची आणि सपरीत बसून वाचून दाखवायची. घरात टीव्ही होता, डिश होती, पण बाबुलाल टीव्हीकडे पाठ करून बसे. त्याचंही एक कारण होतं. एकदा बातम्या सांगणाऱ्या बाईने कुठल्याशा पुराची बातमी सांगितली, तेव्हा त्याने चांगल्या भाषेत विचारलं होतं, "कोन्त्या नदीचा पूर व बाई?" बाई उत्तर न देता क्रिकेटकडे वळली. तेव्हापासून म्हातारा तिच्यावर रुसला तो रुसलाच.

रोशनीचं वाचन त्याला मानवायचं, कारण तिला थांबवता यायचं. दर दोन ओळींना तो हात वर करायचा. "थांब. मांगचं पुन्हा." मग विचारायचा, हे गाव कुठी आहे, हा साहेब कोन, ह्याच्या आंधी काय झालतं. कधी कधी एका बातमीत दुपार निघून जायची. दुसरी कुणी पोरगी असती तर कंटाळून पळाली असती, पण रोशनीला लटारूचा, म्हणजे बापाचा, स्वभाव मिळाला होता. तोही जाळ्यातली गाठ न चिडता सोडवायचा.

आज मात्र तिने चप्पल काढायच्या आधीच सांगितलं, "आबाजी, आज एकच गोठ आनली. माशाची आहे. सगळ्याइले बोलवा."

सगळे होतेच. धनराज खाटेवर, पिंटू खांबाला टेकून, पिंटूची बायको रीता उंबऱ्यात तांदूळ निवडत. मैना पोरीसाठी पाणी घेऊन आली ती तिथेच भिंतीला लागून बसली. रोशनी खाली बसली आणि वाचू लागली. परदेशी मांगूर, आफ्रिकेतून आलेला. दिसायला देशी मांगूरसारखाच, म्हणून पुष्कळ लोक फसतात. या माशाच्या पालनावर सरकारने बंदी घातली आहे.

पिंटूचा चेहरा तिथेच बदलला. तो म्हणाला की आपण चालताफिरता मासा दाखवला आणि ही कागद घेऊन आली, आता कागद मोठा की मासा. धनराजने पोराची बाजू उचलली, पण वेगळ्या तोंडाने. त्याने विचारलं, छापलेलं सगळं खरंच असतं का? मागे आपल्याच सोसायटीबद्दल पेपरात भलतंच आलं होतं, ते तर आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

"खरं नसते, मोठेबाबा," रोशनी म्हणाली. "म्हणून तीन ठिकानचं आनलं. एक पेपरातलं, एक मत्स्य खात्याचं, एक कॉलेजच्या मास्तरनं लिहिलेलं. बाजूबाजूले ठेवा. तिघंही भांडत असते तं मी आलीच नसती."

पिंटू म्हणाला की व्हिडिओही नेटवरचाच आहे, तिच्याच कॅफेतला. त्यावर रोशनी हसली आणि म्हणाली की मी पण पाहिला, दादा, तीनदा पाहिला. अर्धा वेळ तो गोल गोल फिरतो आणि उरलेला अर्धा वेळ वाजंत्री वाजते. मासा काय खातो, कुणाचा आहे, हे त्यात कुठे आहे तेच सापडत नाही. लिहिलेल्यात बोट ठेवून खाली-वर जाता येतं, त्यातलं पाहिजे ते शोधता येतं. पिंटूने मान वळवली. त्याला काहीतरी लागलं होतं, पण काय ते बाबुलालला तेव्हा उमगलं नाही. त्याचं सगळं ध्यान एका शब्दावर अडकलं होतं.

"काय खाते ते वाच," तो म्हणाला.

रोशनीने बोटाने ओळ शोधली. हा मासा मांस खातो. तलावातले लहान मासे, त्यांची अंडी, बेडूक, जे सापडेल ते. पालन करणारे लोक त्याला कोंबडीची आतडी नि कसायाकडचा टाकाऊ माल घालतात.

"थांब. मांगचं पुन्हा."

तिने पुन्हा वाचलं.  रीताचे सुपातले हात थांबले होते.

बाबुलालने पिंटूला मोबाइल मागितला. पिंटूने जरा आशेने व्हिडिओ लावला. टोपीवाला आला, वाजंत्री आली, टोपलं आलं. "इथी थांबव," बाबुलाल म्हणाला. पिंटूने बटण दाबलं, पण चित्र पुढे निघून गेलं होतं. पुन्हा लावलं. दोन-चार खेपा झाल्या तेव्हा कुठे टोपलं पडद्यावर थांबलं, तेही पुसटसं. सगळे मोबाइलवर वाकले. टोपल्यात आतडी होती. आतापर्यंत हे घर तो व्हिडिओ किती वेळा पाहून बसलं होतं याला हिशेब नव्हता, आणि प्रत्येकाने उकळणारं पाणी पाहिलं होतं, उचललेला मासा पाहिला होता. टोपल्याकडे एकानेही पाहिलं नव्हतं. व्हिडिओ खोटं बोलला नव्हता, पण त्याला कुणी काही विचारलं नव्हतं आणि विचारायला तो कधी थांबलाही नव्हता.

"आपला मांगूर चिखलातले किडे खाते," बाबुलाल हळूच म्हणाला.

धनराज खाटेवरून उठला. त्याची अडचण वेगळीच होती आणि ती त्याने लपवली नाही. सगळ्या टोल्याला आपण सांगितलं, बीजवाल्याला शब्द दिला, लोक उद्या डबे घेऊन तलावाच्या पाळीवर, बांधावर येतील. आता काय सांगायचं? "बाबा, तुमी म्हटलं होतं आपलाच आहे म्हणून. तुमच्या तोंडाकडं पाहून मी हो म्हटलं."

हे खरंच होतं.  आयुष्यात बाबुलालने सांगितलेलं माशाचं नाव कधी खोटं ठरलं नव्हतं. आता ते खोटं ठरलं असं एकदा बोलून दाखवलं, तर उद्या त्याच्या ओंजळीची काय पत राहणार? गप्प बसला असता तरी चाललं असतं. धनराजवर ढकललं असतं तरी चाललं असतं, पोराने निमूट सोसलं असतं. पण तलावात एकदा टाकलेला मासा परत काढता येत नाही. सांडव्यावरून पाणी शेतात जातं, शेतातून नाल्यात, नाल्यातून वैनगंगेत. मग आरमोरीपासून मार्कंड्यापर्यंत आपल्या ओंजळीचं पाप वाहत राहणार. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे तो दुसऱ्यांना किती सहज ऐकवत आला होता.

"मी चुकलो," तो म्हणाला. "मासा हातात न घेता नाव सांगतलं. उद्या ओंजळ सोडनार नाई मी. लोकाइले हेच सांग, बाबुलालचं चुकलं म्हणून."

धनराजने बापाकडे पाहिलं. वयाच्या पन्नाशीत पहिल्यांदाच तो हे वाक्य बापाच्या तोंडून ऐकत होता.  त्याने खुंटीवरचा सदरा घातला आणि बीजवाल्याला फोन करायला पाळीवर गेला, कारण रेंज तिथेच यायची. आता शिव्या त्यालाच खायच्या होत्या आणि खायला तो मुकाट्याने निघालाही. म्हाताऱ्याला त्याचा फार अभिमान वाटला, पण बापाने पोराला असलं काही सांगायची त्या घरात रीत नव्हती.

पिंटू मात्र थांबला नाही. "मंग मी परवा राजुऱ्याले जातो," तो म्हणाला आणि पायात चप्पल न घालता बाहेर पडला.

आता फिरली ती मैना. इतका वेळ ती पोरीच्या मागे भिंतीसारखी बसली होती. ती उठून सासऱ्यापुढे आली. "मामाजी, त्याले जाऊ नका देऊ," ती म्हणाली. "मासा कोन्ताही सोडा. तलाव गेला तं दुसरा धंदा करू, पन पोरगं गेलं तं कुठून आनता? एक गेला तो पुरे नाई झाला का?" रोशनी आईकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण बरोबर होतो आणि त्याचं फळ हे, असं तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं. ते वाचायला बाबुलालला अक्षरओळख लागली नाही.

बोलली ती रीता, जी मोठ्यांपुढे कधी बोलत नसे. सुपाकडे पाहतच ती म्हणाली, "आबाजी, त्याइले राग माशाचा नाई आला. रोशनताईनं वाचलं म्हणून आला. त्याइले वाचाले येते, पन लय हळू येते. शाळेत मास्तर उभं करून वाचाले लावे अन् पोट्टे हासत. म्हणून ते सगळं चित्रातच पाह्यतेत." एवढं बोलून ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. नवऱ्याची झाकली मूठ उघडल्याचं तिला वाईट वाटत होतं, पण बोलल्याचा पश्चात्ताप काही दिसला नाही.

 आपल्याला अक्षर येत नाही हे बाबुलालने साऱ्या जगाला बिनदिक्कत सांगितलं होतं, कारण त्याच्या वयाच्या कुणालाच येत नव्हतं. नातवाला मात्र अर्धवट येत होतं, आणि ते न येण्याहून जड होतं. त्याने रोशनीला विचारलं, तुझ्याजवळ आणखी काही आहे का, आपल्या कामाचं. तिने डोळे पुसले आणि पिशवीतून दोन पानं काढली. रोहू-कतलाचं बीज बोडीत, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यात, वाढवून बोटभर झालं की मोठ्या तलावात सोडायचं, त्याची माहिती होती. ती म्हणाली, नुसतं 'नको' घेऊन कसं येऊ, म्हणून हेही शोधून आणलं. म्हाताऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, पानं घडी करून बंडीच्या खिशात घातली आणि काठी घेतली.

पिंटू पाळीवर मोहाच्या झाडाखाली बसला होता. समोर तलाव श्रावणाच्या पाण्याने तुडुंब होता. पलीकडे धनराज पाठमोरा उभा राहून फोनवर कुणाची तरी समजूत काढत होता. बाबुलाल नातवाशेजारी बसला आणि पानं त्याच्या मांडीवर ठेवली.

"वाच," तो म्हणाला.

"रोशनीले सांगा, आबाजी. मले येत नाई तिच्यावानी."

"तिच्यावानी नकोच. तिले मी घडीघडी थांबवतो, तिच्या अंगावर येते ते, बिचारी बोलत नाई. मले हळूच समजते गा. तू हळू वाचशील तं मले थांबवा लागनार नाई."

पिंटूने आजोबाकडे पाहिलं. चेष्टा आहे की काय ते शोधत राहिला. चेष्टा नव्हती. म्हातारा कान पुढे करून, डोळे मिटून बसला होता, गढूळ पाण्यात हात घालून बसायचा तसाच. पिंटूने इकडेतिकडे पाहून घेतलं, जवळपास कुणी नाही याची खात्री केली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मत्स्यबीज या शब्दाशी त्याची झटापट झाली. दोनदा पडला, तिसऱ्यांदा उठला. बाबुलालने डोळे उघडले नाहीत. दुसरी ओळ आली, तिसरी आली. प्रत्येक शब्द एकेकटा यायचा आणि म्हाताऱ्याच्या कानात नीट बसायला त्याला वेळ मिळायचा. बोडीतलं पाणी किती असावं, आधी शेणखत किती घालावं, बेडूक आत येऊ नयेत म्हणून काय करावं. इतकं सावकाश आणि इतकं स्वच्छ त्याला आजवर कुणी काही वाचून दाखवलं नव्हतं, आणि मनातल्या मनात तो रोशनीची माफीही मागून मोकळा झाला.

पानाच्या मध्यावर पिंटू थांबला. पुढचा शब्द अडला असेल म्हणून बाबुलाल वाट पाहत राहिला. पण पिंटू शब्दाशी झगडत नव्हता. तो ओळीवर बोट तसंच ठेवून मागे गेला, पुन्हा पुढे आला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे आपल्या बोडीले नाई जमत, आबाजी," तो म्हणाला. "हे म्हनतेत, पानी उन्हाळ्यापर्यंत टिकाले पायजे. आपली बोडी माघातच आटते."

"आटते," बाबुलाल म्हणाला. "मंग?"

"मंग काय? खोदा लागन. वरच्या अंगानं मुरूम आहे, खालच्या अंगानं काळी माती. खालूनच खोदीन. माघात पानी सरकलं की मी अन् बाबा लागू कामाले, फागुनापर्यंत होते."

बाबुलालने डोळे उघडले. परवा राजुऱ्याला निघालेलं पोरगं माघ-फाल्गुनातल्या बोडीची माती ठरवत होतं, आणि आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.  हे बोलून दाखवलं तर पोरगं सावध होईल, म्हणून म्हाताऱ्याने ते मनातच ठेवलं. काठी मोहाला टेकवून ठेवली आणि पाय लांब पसरले.

"पुढचं वाच," तो म्हणाला.

पिंटूने बोट पुढच्या ओळीवर नेलं.